संगणक, धंदा आणि दहा दिवसांचं बिल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, आपल्या एका सभासदांच्या चिरंजीवांनी केलेलं भाषण. ते कोल्हापुरात सॉफ्टवेअरचा व्यवसाय करतात. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'संगणक युगात यशस्वी उद्योजक कसे व्हावे'. वाचून आमच्या मातोश्रींनी पत्रिका देवापुढं ठेवली. आधीच सांगतो, आमची कंपनी म्हणजे सव्वीस माणसं आणि कोल्हापुरात भाड्याच्या तीन खोल्या. गावागावांतल्या दूध संस्था आणि पतसंस्था यांचं हिशेबाचं काम करणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. त्यामुळं 'यशस्वी' हा शब्द समितीनं छापलाय, त्याची जबाबदारी समितीची. मी आपलं मला धंद्यात काय दिसलं ते सांगतो.

आपली सोसायटी रजिस्टर झाली 2000 साली. त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्या वारणेत एक मोठी गोष्ट झाली होती. इथल्या ज्येष्ठांना ती आठवत असेल, मुलांना माहीत नसेल. 'वारणा वायर्ड व्हिलेज'. 1998 साली केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञानाचं कार्यदल नेमलं आणि खेड्यात संगणक नेऊन दाखवायचा प्रयोग म्हणून वारणा निवडलं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून 70 गावं. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मे केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे, दहा टक्के वारणेचे. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं, म्हणजे आपण ज्याला एनआयसी म्हणतो त्यांच्याकडं. गावात एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि चालवायला गावातलाच पोरगा.

मी तेव्हा आठवीत होतो. वडील कारखान्याच्या शेती खात्यात. घरात जेवताना याच गप्पा. संगणकावर बाजारभाव दिसणार, पिकाचा सल्ला मराठीत मिळणार, नोकऱ्यांची माहिती मिळणार, सात-बारा निघणार. जगभरचे पाहुणे येऊन बघून गेले. वर्तमानपत्रांत फोटो आले.

आता पुढचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझा सगळा धंदा या अनुभवावर उभा आहे. लोक त्या खोलीत जायचे ते कशाला? बाजारभाव बघायला फारसं कोण जात नव्हतं. शेतकरी जायचा तो ऊस विचारायला. माझी लागण नोंद झाली का? तारीख कुठली पडलीय? तोडणीची पाळी कधी? काल गाडी गेली तिचं वजन किती भरलं? बिल कधी? खताची उचल किती लागलीय? एवढंच. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना सांगायला नको की आडसालीची लागण एका पंधरवड्यानं मागं नोंदली गेली तर तोड किती लांबते, आणि लांबली की वजनात किती मार बसतो, खोडव्याचं काय होतं. त्यापूर्वी हे विचारायला चिटबॉयला गाठावं लागायचं, गट ऑफिसला जावं लागायचं, नाहीतर एसटीनं वारणानगरला यावं लागायचं. एका आकड्यासाठी दिवस मोडायचा.

पुढं 2006-07 च्या सुमारास बेंगळुरूहून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेची मंडळी आली. त्यांनी बघितलं की एवढ्या मोठ्या यंत्राचं मुख्य काम उसाचे आकडे देणं हेच आहे. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून बघितला. मेसेज पाठवायचा, आपला आकडा परत यायचा. काम तेच झालं, खर्च कमी झाला. 'वायर्ड'चं त्यांनी 'अनवायर्ड' केलं. त्या संस्थेतले एक ज्येष्ठ संशोधक केंतारो तोयामा यांनी पुढं 2015 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तंत्रज्ञान माणसांमध्ये आणि संस्थेत जे आधीच आहे तेच मोठं करतं, नसलेलं पैदा करत नाही.

कॉलेजात आम्हाला एक व्याख्याते आले होते, ते म्हणाले, वारणेचा प्रयोग फसला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. संगणकाची पेटी गेली असेल, खोली बंद झाली असेल. पण शेतकऱ्याला स्वतःचा आकडा मागण्याची सवय लागली ती गेली नाही. आणि हा आकडा मिळू शकला कारण त्याच्या मागं आधीच चाळीस वर्षांची नोंद होती. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर कारखाना उभा केला त्याबरोबर सभासदांची, शेतांची, वजनांची रजिस्टरं उभी राहिली. ती हातानं लिहिणारी माणसं आज या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगांत बसलेली आहेत. रजिस्टर नीट नसतं तर संगणकानं काय दाखवलं असतं?

हे डोक्यात ठेवून 2009 साली मी नोकरी सोडून दुधाच्या हिशेबात उतरलो. नातेवाइकांत बातमी अशी गेली की पोरगं इंजिनिअर होऊन डेअरीवर बसलं. शब्दशः खरंच होतं ते. पहिले चार महिने मी पहाटे साडेपाचला एका संकलन केंद्रावर जाऊन बसायचो.

तिथं काय असतं ते शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. बायका-माणसं कॅन घेऊन रांगेत. सभासद नंबर सांगायचा, दूध काट्यावर, नमुना फॅट मशीनला. फॅट, एसएनएफ, लिटर, आणि त्या दिवशीच्या तक्त्याप्रमाणं दर. एका माणसाला मिळतो जास्तीत जास्त अर्धा मिनिट, कारण टँकर थांबत नाही आणि दूध तर अजिबात थांबत नाही. टाईप करणाऱ्याचे हात ओले. तेव्हा भारनियमन जोरात होतं, लाईट पहाटेच जायची. आता अशा जागी रंगीत चित्रं आणि माऊसचं सॉफ्टवेअर काय कामाचं? आम्ही माऊस काढूनच टाकला. फक्त आकड्यांची बटणं. लाईट गेली तर बॅटरीवर संपूर्ण सकाळ निघाली पाहिजे, आणि मधेच बंद पडलं तर शेवटची नोंद जागेवर सापडली पाहिजे. आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले टाईप करणाऱ्याकडं नाही, दूध घालणाऱ्याकडं तोंड करून बसवला. ही आयडिया माझी नव्हे. एका मावशींनी मला विचारलं, "बाळा, माझ्या म्हशीची फॅट त्याला दिसती, मला का दिसत न्हाई?" दुसऱ्या दिवशी डिस्प्ले फिरवला.

आणि मग दहा दिवसांचं बिल. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. दुधाचे पैसे, त्यातून पशुखाद्य वजा, ॲडव्हान्स वजा, पतसंस्थेचा हप्ता वजा, खाली हातात काय येणार तो आकडा. आपल्या भागात कित्येक घरांत किराणा, शाळेची फी, औषधं हे सगळं त्या खालच्या आकड्यावर चालतं. ऊस वर्षाचा, दूध दहा दिवसांचं. उसाच्या पैशावर बापयांचा हात, दुधाच्या पैशावर बहुतेक बायकांचा. त्या बिलात पाच रुपये चुकले तर संध्याकाळी संस्थेत भांडण, आणि ते भांडण रास्त असतं.

अजूनही आमच्याकडं नवीन मुलगा-मुलगी कामाला लागली की पहिला महिना संकलनावर पाठवतो. पहाटे. थंडीतसुद्धा. काहीजण आठ दिवसांत सोडून जातात, त्यांना मी अडवत नाही. राहतात त्यांना पुन्हा फारसं काही शिकवावं लागत नाही.

आता धंद्याबद्दल. एक प्रसंग सांगतो, नावं-गावं घेणार नाही. 2013 साली आमच्याकडं एका भागातल्या अकरा दूध संस्थांचं काम एकदम होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅटचा आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. पण जुना आकडा पुसला जात नाही. तो तिथंच राहतो, शेजारी नवा येतो, कुणी बदलला आणि किती वाजता तेही राहतं. हातानं लिहिणारे कारकून चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी सही करायचे ना, तेच. त्या मंडळींचं म्हणणं होतं, दुरुस्ती ठेवा, रेघ दिसायला नको. म्हणजे कुणाचंही फॅट मागाहून कमी-जास्त करता आलं पाहिजे आणि मागमूस राहता कामा नये. बोलणं फार सभ्य होतं, चहा-पोहे झाले, पुढच्या वर्षी आणखी वीस संस्था देतो असंही झालं. आम्ही नाही म्हणालो. महिनाभरात अकराच्या अकरा गेल्या.

तेव्हा आम्ही नऊजण होतो. दोन महिने पगार निम्मे दिले. दोघं सोडून गेले, त्यांना घर होतं, त्यांचं बरोबरच होतं. घरच्यांचाही प्रश्न सरळ होता, एक बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हिशेबानं बघितलं तर काहीच बिघडलं नसतं. फक्त मग आमच्या यंत्रावर जो आकडा दिसतो तो त्या मावशींनी कशासाठी खरा मानायचा, याचं उत्तर माझ्याकडं राहिलं नसतं. आणि आम्ही विकतो ते एवढंच. बाकी संगणक बाजारात कुणालाही मिळतो, प्रिंटर मिळतो, बेरीज-वजाबाकी करणारे पुष्कळ आहेत.

पुढं काय झालं म्हणाल, तर त्या अकरांतल्या चार संस्था परत आल्या. सात आल्या नाहीत. त्यांचं दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर व्यवस्थित चाललंय. सिनेमात होतं तसं काही झालं नाही.

मुलांसाठी दोन मोठ्या माणसांचं सांगतो, कारण तुम्ही 'रील'मध्ये फक्त त्यांचे शेवटचे आकडे बघता. क्विक हीलचे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना 400 रुपयांवर लागले. बँकेची कॅल्क्युलेटरं दुरुस्त करायला जायचे, तिथं त्यांनी संगणक पहिल्यांदा पाहिला. 1990 साली स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकट्या भावाला, संजयला, संगणक शिकायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचा त्रास फार, म्हणून भावानं त्यावर उपाय लिहायला घेतला, त्यातून अँटीव्हायरस तयार झालं. सिकोया या गुंतवणूक कंपनीनं त्यांच्यात 60 कोटी घातले ते 2010 साली. शेअर बाजारात आले 2016 साली.

दुसरे आनंद देशपांडे. यांची वाट अगदी उलटी. आयआयटी खरगपूर, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी., ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत नोकरी. ते सोडून त्याच 1990 साली पुण्यात परत येऊन त्यांनी पर्सिस्टंट सुरू केली. तेव्हा सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आलेलंच नव्हतं, ते आलं ऑगस्ट 1995 मध्ये. त्यांची कंपनी शेअर बाजारात आली 2010 साली. एक दहावी, एक पीएच.डी. दोघांनाही नाव होईपर्यंत वीस वर्षं लागली. मधली वीस वर्षं कुणी फोटो काढायला गेलं नव्हतं. काटकरांच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडतो तो दुरुस्तीचा भाग. लोकांचं काय बिघडतंय ते त्यांना टेबलावर रोज दिसत होतं. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्र्यांनी तेच केलं. शेतकरी मोडलेला इंजिनाचा भाग घेऊन यायचा, ते तो बघायचे, आणि पुढं तो भागच बनवायला लागायचे.

आता पालकांना एक विनंती, रागावू नका. आपल्या सोसायटीत बत्तीस प्लॉट आहेत. परवा मी मोजलं, त्यांतल्या एकवीस घरांतलं किमान एक मूल पुण्यात आहे, आणि पाच घरांतलं परदेशात. चांगलं आहे, जावं. मीसुद्धा तीन वर्षं पुण्यात होतो आणि कामाची शिस्त तिथं शिकलो. पण दिवाळीत मुलं आली की कट्ट्यावर 'पॅकेज किती' हा एकच प्रश्न असतो, आणि जो पोरगा इथंच राहून काही करतोय तो त्या चार दिवसांत घराबाहेर पडत नाही. आमच्याकडं काम करणारी मुलं-मुली कोडोली, बोरपाडळे, पारगाव, वडगाव इथून येतात. पुण्याच्या पगाराशी मी बरोबरी करू शकत नाही. त्यांची घरभाड्याची बचत, घरचं जेवण हे सगळं धरलं तरी नाही. खोटं कशाला सांगू? तरी ती राहतात, कारण त्यांनी लिहिलेलं पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गल्लीत चालताना दिसतं आणि चुकलं तर त्यांच्याच आत्या त्यांना रस्त्यात गाठतात. असा ग्राहक पुण्यात कुठला मिळायला?

गेल्या वर्षापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे. एआय आलंय, आता पोराला कॉम्प्युटरला घालू का नको? आमच्या ऑफिसात एआय वापरतात, रोज वापरतात. दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं, हे खरं आहे. कामाची माणसं पूर्वीइतकी लागणार नाहीत, हेही खरं असू शकतं. पण एक ऐका. मध्यंतरी दूध बिलाचा एक भाग आम्ही त्याच्याकडून लिहून घेतला. झकास लिहिला, पटकन चालला. आमच्याकडं एक मुलगी आहे, घरी चार म्हशी. तिनं बघितल्या बघितल्या सांगितलं, सर, यानं तिसरं बिल दहाच दिवसांचं धरलंय, एकतिसाव्या तारखेचं दूध कुणाच्याच खात्यावर नाही. एकवीस ते एकतीस म्हणजे अकरा दिवस, हे तिला लहानपणापासून माहीत, कारण त्या बिलाला आई जरा खूश असते. आणि फेब्रुवारीत तिसरं बिल आठ दिवसांचं, तेव्हा घरात काय असतं तेही माहीत. म्हणून माझं उत्तर असं की घालायचं असेल तर कॉम्प्युटरला जरूर घाला, पण त्याला घरातली डेअरीची पावती, काट्याची पावती, पतसंस्थेचं पासबुक वाचायला लावा. आपल्या मुलांना शेअर बाजाराचा निर्देशांक सांगता येतो आणि एफआरपी म्हणजे काय ते सांगता येत नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, हे इथल्या किती मुलांना माहीत आहे? हात वर करा. बघा. तीन.

शेवटी संचालक मंडळाच्या मागणीबद्दल. मला सांगितलंय की रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून सोसायटीला एक ॲप करून दे. मेंटेनन्स, पाण्याची वेळ, तक्रारी, सगळं मोबाईलवर. मी सेक्रेटरीकाकांचं रजिस्टर मागून घेतलं आणि दोन दिवस वाचलं. पंचवीस वर्षांचं अक्षर एकच आहे. 2005 आणि 2019 च्या महापुराच्या वर्षी कुणाकुणाला हप्ता पुढं ढकलून दिला ते कारणासकट लिहिलंय. खाडाखोड आहे तिथं आडवी रेघ आणि सही आहे. बत्तीस घरांसाठी याच्यापुढं जाऊन मी काय करणार? ॲप केलं तर काकांना पासवर्ड लागेल आणि तो दर महिन्याला मला फोन करून विचारावा लागेल. त्यामुळं मी ॲप देत नाहीये. त्याऐवजी दोन गोष्टी करतो. रजिस्टरची पानं स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवतो, कारण कागदाला वाळवी लागते. आणि महिन्याचा जमा-खर्च एका पानावर छापून पाण्याच्या टाकीजवळच्या बोर्डावर लागेल, मोठ्या अक्षरात, चष्मा नसताना वाचता येईल असा. सिंकिंग फंडात किती आहे हे सभासदांना वार्षिक सभेतच कळावं असं काही नाही.

दुसरी एक गोष्ट माझ्याकडून. येत्या महिन्यापासून शनिवारी संध्याकाळी सहाला मी इथं, या हॉलमध्ये बसणार आहे. मुलांसाठी तर आहेच, पण मला खरी गरज काकूंची आणि आज्यांची आहे. मोबाईलवर बँकेचा मेसेज आला तर तो खरा का खोटा ओळखायचं कसं, पैसे कापले गेले तर विचारायचं कुणाला, ओटीपी मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, एवढंच घेऊ. गेल्या वर्षभरात आपल्याच तीन घरांत फोनवरून फसवणूक झाली आणि तिन्ही घरांनी ती लपवली. लाजायचं त्यात काही नाही, समोरची माणसं तेच काम दिवसभर करतात. येताना बँकेचं पासबुक आणि वही-पेन आणा. आणि मोबाईल घरून चार्ज करून आणा, शनिवारी संध्याकाळी इथं लाईट किती वेळ असते ते तुम्हाला माहीतच आहे.